‘ख्रिस्ताच्या ठायी’ म्हणजे नेमकं कुठे?



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी एक ओळ लिहून दिली होती : ‘ख्रिस्ताशी ऐक्य आणि तारण’. त्यावर एका जुन्या मित्राचा फोन आला, ‘अरे, व्याख्यान की प्रवचन?’ तेव्हा आधीच सांगून टाकतो. मी ख्रिस्ती नाही. या श्रद्धेचा प्रचार करायला उभा नाही आणि खंडन करायलाही नाही. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणजे दुसऱ्यांची पुस्तकं नीट वाचायला शिकवलं. आज तेवढंच करणार आहे.

आपल्याकडच्या व्याख्यानमालांत शंकराचार्य येतात, ज्ञानेश्वर येतात, बुद्ध येतो. ख्रिस्ती धर्मविचार क्वचित येतो. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले १८५२ साली. त्यांच्या नावाचं चर्च आपल्या गावात आहे. म्हणजे पावणेदोनशे वर्षं हे लोक आपले शेजारी आहेत. नाताळचा केक आपण आवडीने खातो, त्यांच्या शाळांत मुलं घालतो, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात ऑपरेशनं करून घेतली. पण हा शेजारी नेमकं मानतो काय, हे विचारायचं राहून गेलं. शेजाऱ्याला न विचारता आपणच उत्तर ठरवून टाकलं, ‘शेवटी सगळं एकच आहे हो’. ते खरंच एक आहे का, हे पाहायचं तर शब्दापासून सुरुवात करावी लागेल.

पौल नावाच्या ज्यू माणसाने इसवी सनाच्या पन्नाशीच्या सुमारास ग्रीक भाषेत पत्रं लिहिली. त्या पत्रांत एक छोटा शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा येतो : ‘एन ख्रिस्तो’, ख्रिस्तामध्ये. ‘प्रभूमध्ये’, ‘त्याच्यामध्ये’ असे त्याचे भाऊबंद धरले तर तो दीडशेहून अधिक वेळा आला आहे. १८९२ साली आडोल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाने या एवढ्याशा प्रयोगावर अख्खा ग्रंथ लिहिला. मराठी बायबलमध्ये याला काही ठिकाणी ‘ख्रिस्तामध्ये’ म्हटलंय आणि काही ठिकाणी ‘ख्रिस्ताच्या ठायी’.

‘ठायी’! ज्ञानेश्वरी वाचलेल्या माणसाच्या कानाला हा शब्द लगेच ओळखीचा वाटतो. ठाव, ठाय, ठिकाण. भाषांतरकारांनी मोठा गोड शब्द निवडला. पण ओळखीच्या शब्दात एक धोका असतो. तो एकटा येत नाही, आपलं घरदार घेऊन येतो. तुम्ही ‘ऐक्य’ म्हणालात की अद्वैत आलं. ‘योग’ म्हणालात की पतंजली आले. ‘सायुज्य’ म्हणालात की सलोकता, समीपता, सरूपता या तिघी बहिणी मागून आल्या. पंडिता रमाबाईंना हा धोका कळला होता. त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झालं. वेदान्ताचा रंग चढलेले शब्द शक्यतो टाळायचे आणि साध्या बाईला कळेल असं लिहायचं, हा त्यांचा आग्रह होता. काहींना तो अरसिकपणा वाटला. मला ती विद्वत्ता वाटते. संस्कृत पुराणं ज्यांना मुखोद्गत होती त्या बाई हे करत होत्या, हे विसरू नका.

तर प्रश्न असा. ‘ख्रिस्ताच्या ठायी’ असणं म्हणजेच तारण, असं जेव्हा ख्रिस्ती माणूस म्हणतो, तेव्हा तो कुठल्या ठिकाणाविषयी बोलतो? मराठीत याची तीन उत्तरं प्रचलित आहेत. तिन्हींत काही ना काही खरं आहे, आणि तिन्ही अपुरी आहेत असं माझं म्हणणं आहे.

पहिलं उत्तर आपल्या सुशिक्षित मंडळींचं. ख्रिस्ताशी ऐक्य म्हणजे आत्म्याचं परमात्म्यात विलीन होणं. थेंब सागरात मिळाला, घट फुटला, आकाश आकाशात गेलं. पौल गलतीकरांना लिहितो की आता जगणारा मी नव्हे, माझ्या ठायी ख्रिस्त जगतो. हे वाचलं की आपण म्हणतो, ‘झालं की! अहं गेला, ब्रह्म उरलं.’ पण पौलाचं वाक्य पुढे चालू राहतं. तो लगेच म्हणतो की आता जे देहातलं जीवन मी जगतो ते विश्वासाने जगतो, माझ्यावर ज्याने प्रेम केलं त्याच्यावरच्या विश्वासाने. म्हणजे ‘मी’ परत आला! देह आहे, प्रेम करणारा आहे, ज्याच्यावर प्रेम केलं तोही आहे. दोन आहेत म्हणून तर प्रेम आहे. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९३० च्या आपल्या ग्रंथात हे स्पष्ट सांगितलंय. पौलाचा अनुभव गूढ ऐक्याचा खराच, पण ते ऐक्य ख्रिस्ताशी आहे. पौल देवात विरघळून जात नाही. पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेने तर ‘माणसाने देवसमान व्हावं’ इथवर भाषा नेली, पण तिथेही देवाचं मूळ तत्त्व माणसाच्या हाती लागत नाही ही मर्यादा त्यांनी सांभाळली.

दुसरं उत्तर पुष्कळदा चर्चमधूनच मिळतं. माणूस पापी, म्हणजे ऋणको. ख्रिस्ताने वधस्तंभावर ऋण फेडलं. विश्वास ठेवला की आपल्या खात्यावर त्याचं पुण्य जमा. आता गंमत बघा, ‘तारण’ हा शब्द ऐकला की कोल्हापूरच्या माणसाला पतसंस्थेची पाटी आठवते : सोने तारण कर्ज. भाषेने जणू इशाराच दिलाय. हे खात्याचं रूपक पौलाकडे आहे, नाही असं नाही. न्यायालयाचंही आहे, न्यायाधीश, निर्दोष ठरवणं वगैरे. पण कर्जमाफीत एक गोष्ट घडत नाही. सोसायटीने तुमचं कर्ज माफ केलं म्हणून तुम्ही चेअरमनच्या घरातले होत नाही. खातं बंद होतं, तुम्ही तुमच्या घरी, ते त्यांच्या घरी. खुद्द प्रोटेस्टंट पंथाचे आद्य पुरुष इथे थांबले नव्हते. मार्टिन ल्यूथरने १५२० साली लिहिताना लग्नाचं रूपक घेतलं : नवरा-बायकोत जसं सगळं सामाईक होतं, तसं ख्रिस्त आणि जीव यांचं होतं. कॅल्विनचं म्हणणं असं की ख्रिस्त आपल्या बाहेर आहे तोवर त्याने केलेलं सगळं आपल्याला निरुपयोगी आहे. म्हणजे आधी ऐक्य, मग हिशेब. पुढे प्रवचनकारांना हिशेब सांगायला सोपा वाटला असावा, म्हणून तो पुढे आला.

तिसरं उत्तर भक्तीचं. आणि हे सर्वांत जवळचं, म्हणून त्याच्यापाशी जास्त वेळ थांबावं लागेल. मराठीत या उत्तराचं नाव आहे नारायण वामन टिळक.

टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सुमारे चोवीस वर्षं ते जगले, आणि मराठी चर्चच्या तोंडात त्यांनी मराठी गाणं घातलं. आधी इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेली पदं गायली जात. टिळकांनी अभंग दिला, ओवी दिली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. ‘अभंगांजली’ घ्या, किंवा त्यांनी आरंभलेलं आणि त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पुरं केलेलं ‘ख्रिस्तायन’ घ्या. टिळकांचा ख्रिस्त आई आहे, गुरू आहे, सखा आहे.

टिळकांवर आपल्या समीक्षेत दोन शेरे नेहमी मारले जातात. एक, टिळक मनाने वारकरीच राहिले, फक्त विठ्ठलाच्या जागी ख्रिस्त बसवला. दुसरा मिशनरी गोटातला, परदेशी आशयाला देशी कपडा घातला. दोन्ही शेरे एकच चूक करतात. आशय वेगळा, कपडा वेगळा, आणि मधे शिंपी, असं त्यांना वाटतं. कवितेत असं होत नसतं. टिळकांनी तुकारामांकडून शब्द आणि छंद घेतले, पण त्याहून मोठी गोष्ट घेतली ती म्हणजे दुजेपणाचा हट्ट. मुक्ती नको, भक्ती दे. एकरूप करू नकोस, तुझ्याकडे बघत राहू दे, हा वारकऱ्यांचा हट्ट अद्वैताच्या भर वस्तीत टिकून राहिला. त्यामुळे टिळकांना पौलाचं ‘माझ्या ठायी’ नीट ऐकू आलं. थेंब-सागराचा मोह त्यांना पडला नाही. दक्षिणेत ए. जे. अप्पासामी यांनी १९२७ साली ‘भक्तिमार्ग म्हणून ख्रिस्ती धर्म’ असं पुस्तक लिहून योहानाच्या शुभवर्तमानाचं हेच वाचन शास्त्रीय पद्धतीने मांडलं. शंकराचार्यांपेक्षा रामानुज इथे जवळचे, असं त्यांचं म्हणणं. टिळकांना ते आधीच गाण्यातून उमगलं होतं.

मग अपुरं काय? भक्तिकवितेत दोघेच असतात, मी आणि तू. जगाचं दार लावलेलं असतं. पौलाच्या पत्रांत मात्र दार सताड उघडं आहे. पत्रं बहुतेक सगळी मंडळ्यांना लिहिलेली, ‘तुम्ही’ बहुवचनी, आणि खोलीत गर्दी. त्या गर्दीत भांडणं आहेत. आता मी ज्याच्यासाठी हे व्याख्यान घेतलं त्या मुद्द्याकडे येतो.

ते प्रसिद्ध वाक्य, ‘माझ्या ठायी ख्रिस्त जगतो’ हे, कुठे आलंय? गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय, विसावं वचन. आपण हे वचन सुटं वाचतो, भिंतीवर टांगतो. जरा नऊ वचनं मागे जा. अकराव्या वचनापासून काय चाललंय? जेवणावरून भांडण चाललंय!

प्रसंग अंत्युखिया शहरातला. तिथल्या मंडळीत ज्यू होते आणि परराष्ट्रीय, म्हणजे ज्यू नसलेले, तेही होते. येशूचा पहिल्या फळीतला शिष्य पेत्र तिथे आला आणि सर्वांबरोबर जेवायला बसू लागला. ज्यू नियमांप्रमाणे हे शिष्टसंमत नव्हतं, पण तो बसला. मग यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसं आली. पेत्राला भीती वाटली. तो हळूच पंगतीतून बाजूला झाला. त्याचं पाहून बाकीचे ज्यू उठले. पौलाचा स्वतःचा सोबती बर्णबा, तोही उठला.

श्रोतेहो, हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावं लागतं का? ‘गावची माणसं आली, आता जरा वेगळं बसूया.’ आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला धारेवर धरलं. तू शुभवर्तमानाच्या सत्याला धरून चालत नाहीस, असं त्याला सुनावलं. आणि त्याच बोलण्याच्या ओघात, तिथून काही वाक्यांवर, ते वचन येतं : मी ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळला गेलो, आता जगणारा मी नव्हे.

ऐक्याचं सर्वांत खोल वचन ध्यानाच्या आसनावर सुचलेलं नाही, ते पंगतीच्या भांडणात उच्चारलेलं आहे. ग्रीक भाषा तर इथे बोट धरून दाखवते. पेत्र ‘बरोबर जेवत असे’ यासाठी जे क्रियापद आहे त्याला ‘सुन्’ हा उपसर्ग आहे, म्हणजे आपला ‘सह’. ‘ख्रिस्ताबरोबर खिळला गेलो’ या क्रियापदालाही तोच उपसर्ग. सह-भोजन आणि सह-मरण. रोमकरांच्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल हाच उपसर्ग लावून शब्दांची माळच करतो : बरोबर पुरले गेलो, बरोबर वाढून एकजीव झालो, बरोबर जगू. पेत्राने पहिला ‘सह’ सोडला, तेव्हा पौलाने त्याला दुसऱ्या ‘सह’ची आठवण दिली. त्याचा युक्तिवाद साध्या भाषेत असा : तू जर ख्रिस्ताबरोबर मेला आहेस, तर मग ताटावरून उठला तो कोण?

इथे तत्त्वज्ञानाचा प्रश्न येतो. ‘मी मेलो’ म्हणजे कुठला मी मेला? वेदान्त म्हणेल, अविद्येने कल्पिलेला जीवभाव. बौद्ध म्हणतील, मुळात मी नव्हताच. पौलाचं उत्तर फिलिप्पैकरांच्या पत्रात तिसऱ्या अध्यायात मिळतं. तिथे तो आपली ओळखपत्रं वाचून दाखवतो. आठव्या दिवशी सुंता झालेला, इस्राएल वंशाचा, बन्यामीन कुळातला, इब्र्यांचा इब्री, नियमशास्त्राच्या बाबतीत परूशी. हे ऐकताना मला तर संध्येतला गोत्र-प्रवरांचा उच्चार आठवतो. ही यादी संपवून तो म्हणतो, हे सगळं मी केरकचरा मानतो, कशासाठी, तर ख्रिस्ताच्या ठायी आढळावं म्हणून. म्हणजे मेला तो ‘मी’ कुळाचा, शुद्धीचा, वरचढपणाचा. व्यक्ती म्हणून पौल शिल्लक आहे, चांगला तापट आणि भांडखोर शिल्लक आहे. त्याचं वंशपत्र मात्र पुरलं गेलंय.

आता ‘ठायी’ शब्दाकडे परत या. ठाय म्हणजे जागा. जागेचा गुण काय? जागेत शेजारी असतो. खात्यात शेजारी नसतो, सागरात थेंबाला शेजारी राहत नाही, आणि प्रियकर-प्रेयसीच्या एकांतात शेजाऱ्याला प्रवेश नाही. ‘ख्रिस्ताच्या ठायी’ तुम्ही गेलात तर तिथे आधीच कोणीतरी बसलेला आहे, आणि तो कोण असावा हे ठरवणारे तुम्ही नाही. माझ्या मते या श्रद्धेचं हृदय इथे आहे. तिच्याकडे बघताना पहिला प्रश्न ‘जीव आणि देव एक की दोन?’ हा नाही. पहिला प्रश्न आहे, ‘तुझ्या शेजारी कोण जेवतोय?’

पौल यासाठी शरीराचं रूपक वापरतो. पुष्कळ अवयव, एक शरीर. रूपक आपल्यालाही परिचयाचं आहे. ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात एका विराट पुरुषाच्या मुखापासून पायांपर्यंत चार वर्ण येतात. रोममध्येही पोट आणि हातापायांची गोष्ट सांगून रुसलेल्या सामान्य लोकांना गप्प बसवलं होतं. शरीराचं रूपक बहुधा ज्याला त्याला आपल्या जागी बसवण्यासाठी वापरलं जातं. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त या मुखा-पायांच्या उत्पत्तीची कशी खिल्ली उडवली ते तुम्ही वाचलं असेल. पौल रूपक तेच घेतो, पण उलटं फिरवतो. जे अवयव कमी मानाचे वाटतात त्यांना जास्त मान दिला गेला आहे, असं तो करिंथकरांना बजावतो. आणि त्याच पत्रात, अकराव्या अध्यायात, पुन्हा जेवणच. करिंथमध्ये प्रभुभोजनाला एकत्र जमायचे तेव्हा सुखवस्तू लोक आधी खाऊन-पिऊन तर्र होत, आणि उशिरा येणारा गरीब उपाशी राही. पौल म्हणतो, तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच. भाकर तीच, प्रार्थना तीच, तरी ते भोजन नव्हे! कारण तिथे शरीर ओळखलं गेलं नाही.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही स्तुती होईल. पौलाने गुलामगिरी संपवा असं सांगितलं नाही. त्याच्या नावावरच्या पत्रांत गुलामांनी धन्याची आज्ञा पाळावी असा उपदेश आहे. ‘दास नाही, स्वतंत्र नाही’ असं गलतीकरांना लिहिणाऱ्याने ताटाशी जो प्रश्न धसाला लावला, तो बाजारात लावला नाही. आणि पुढचा इतिहास त्याहून वाईट. गोव्यात चर्चच्या काही कॉन्फ्रारियांचं सदस्यत्व जातीवरून ठरत असे. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘अस्पृश्यांचं ख्रिस्तीकरण’ आणि ‘धर्मांतरिताची स्थिती’ या निबंधांत मिशनऱ्यांना हाच जाब विचारलाय : धर्म बदलला, जात का नाही सुटली? त्यांचा प्रश्न पौलाच्या प्रश्नाहून वेगळा नाही. गंमत म्हणा की शोकांतिका, १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीत धरलं नाही. कायद्याने गृहीत धरलं की तो ‘ख्रिस्ताच्या ठायी’ आहे, तिथे जात नसते. गावाने मात्र त्याला त्याच वाड्यात ठेवलं.

आपल्याकडे तरी काय वेगळं? वारीच्या शेवटी काला होतो, एकमेकांच्या तोंडात घास घालतात. ऐक्याची याहून सुंदर क्रिया मला माहीत नाही. पण ज्याचे अभंग टाळ वाजवत गायचे तो चोखोबा महाद्वारी, पायरीपाशी राहिला, आणि पंढरपूरचं मंदिर सर्वांना उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. अनुभव उंच, पंगत वेगळी. हा रोग एका धर्माचा नाही.

म्हणून टिळकांचं मोजमाप मी वेगळ्या जागी करतो. त्यांच्या कवितेतला ‘मी-तू’ एकांत कागदावर एकटा वाटतो. तो गायला जातो तेव्हा पन्नास गळ्यांचा होतो, हे मान्य. पण त्यांचं शेवटचं पाऊल कवितेहून बोलकं आहे. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. अनेकांना ते भोंगळ वाटलं. चर्चची सीमा पुसली, असा आक्षेप आला. मला वाटतं, टिळकांना उमगलं होतं की ज्या ठायी आपण आहोत त्याचं दार आपल्या हातात नाही. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि तो दरबार फार काळ टिकला नाही. प्रश्न मात्र योग्य ठिकाणी विचारला गेला होता.

आणि लक्ष्मीबाई! ‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी, भाषेसाठी वाचतो. मी ते धर्मचिंतनाचं पुस्तक मानतो. नवऱ्याने धर्म बदलला, काही वर्षं ताटातूट झाली, मग त्या परत आल्या, तरी सोवळं सांभाळून वेगळी चूल. पुढे एके दिवशी त्यांच्या मनातून जात सुटली, कोणाच्याही हातचं खाईन असं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. क्रम बघा. आधी पंगत, मग पाणी. पोथ्या कोळून प्यालेल्या पंडितांना गलतीकरांच्या पत्रात जे दिसत नाही, ते या बाईने चुलीपाशी करून दाखवलं.

एक आक्षेप मला दिसतोय. कोणी म्हणेल, ‘सर, तुम्ही अध्यात्माचं समाजशास्त्र केलंत. मुक्ती म्हणजे फक्त सहभोजन?’ नाही. सहभोजन ख्रिस्ताशिवायही होतं. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. तिथे दाखल होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. आणि आपल्या कोल्हापुरात शाहू महाराज गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात चहा प्यायले, त्यासाठी त्यांना कुठल्या पौलाची गरज नव्हती. फरक कारणात आहे. सुधारक म्हणतो, सगळे समान आहेत म्हणून एकत्र बसू. पौल म्हणतो, आपण सगळे एकाच मरणात मेलो आहोत, म्हणून वेगळं बसायला कोणी उरलंच नाही. पहिलं तत्त्व आहे, आणि मला ते पटतं. दुसरं एका घडलेल्या घटनेवरचा विश्वास आहे. ती घटना खरी मानायची की नाही, हे तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक सिद्ध करून देऊ शकत नाही. पण मानणाऱ्याने काय मान्य केलंय, हे त्याला सांगता येतं. ऐक्य हे कारण आणि पंगत ही त्याची खूण. खूण नसेल तर कारणाबद्दल शंका घ्यायचा अधिकार पौलानेच आपल्याला दिलाय.

तेव्हा माझ्या ख्रिस्ती मित्रांना एवढंच विचारेन : तुमच्या प्रार्थनेत ‘ख्रिस्ताच्या ठायी’ हे शब्द येतात, तेव्हा सोयरीक जुळवताना मधे कोण उभं राहतं? आणि बाकीच्या आपल्यांना, ‘सगळं एकच’ म्हणणाऱ्यांना : एकच आहे ना? मग ताट कुठे मांडलंय?